बिल दोनदा का गेलं? हिशोबाची एपीआय आणि जावास्क्रिप्ट: वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी या सदरात सहज लिहून गेले होते की हिशोबाच्या सॉफ्टवेअरची एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमने त्याच्याशी बोलायचं दार, तुमच्या जावास्क्रिप्ट अ‍ॅपला जोडताना कुठे अडलात तर विचारा, आणि तुम्ही विचारलंत की हो! निम्म्या पत्रांत एकच वाक्य होतं, "काल सगळं चालत होतं, आज अचानक बंद पडलं." अचानक काही होत नसतं, पण ते पुढे येईलच. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलेले थोडे कापलेत, रागावू नका.

प्रश्न: नमस्कार ताई. रिअ‍ॅक्टमध्ये बिलिंगचं छोटं अ‍ॅप बनवतोय. पोस्टमनमधून (एपीआय तपासायचं टूल) एपीआयला कॉल केला की मस्त उत्तर येतं, तोच कॉल ब्राउझरमधून केला की कॉर्सची लाल एरर. मित्र म्हणतो ब्राउझरला एक एक्स्टेन्शन टाक, चालेल. टाकू का?

उत्तर: नको रे. टाकलंस तर तुझ्या मशीनवर चालेल आणि अ‍ॅप दुसऱ्याच्या हातात गेलं की परत तीच लाल ओळ. कॉर्स हा ब्राउझरने पाळायचा नियम आहे, एका साइटच्या पानाला दुसऱ्या सर्व्हरचं उत्तर वाचू द्यायचं की नाही याचा, पोस्टमन काही ब्राउझर नाही, त्यामुळे त्याला त्याचं सोयरसुतक नाही. पण माझ्या मते कॉर्सने तुझ्यावर उपकारच केलेत, कारण तुझ्या कोडमध्ये खरी गडबड दुसरीच आहे, ब्राउझरमधून थेट कॉल करतोयस म्हणजे तू क्लायंट सीक्रेट, कंपनीने तुला दिलेला गुप्त पासवर्ड, ब्राउझरच्या कोडमध्ये ठेवलायस. तू म्हणशील की मी तो एन्व्ह नावाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ठेवलाय, पण बिल्ड होताना ती किंमत उचलून थेट बंडलमध्ये चिकटवली जाते, तयार झालेल्या फाइलमध्ये सर्च मारून बघ, दिसेल. आणि हा सीक्रेट म्हणजे कुणाच्या तरी धंद्याच्या वह्यांच्या किल्लीचा अर्धा भाग आहे.

तर मध्ये तुझा स्वतःचा सर्व्हर हवाच, नोडमधला, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमधला, दोनशे ओळींचा का असेना. युजर बटण दाबतो, तुझा सर्व्हर त्याला हिशोबाच्या कंपनीच्या परवानगीच्या पानावर पाठवतो, तो तिथे लॉगिन करून होकार देतो, मग ब्राउझर एक छोटा कोड घेऊन तुझ्या ठरलेल्या पत्त्यावर परत येतो आणि तो कोड देऊन टोकन, म्हणजे डेटा उघडायचा तात्पुरता पास, घेण्याचं काम सर्व्हर मागच्या मागे करतो. टोकन ब्राउझरला कधी दिसतच नाही. हाच तो ओऑथ २.० नावाचा परवानगीचा नियम, ज्याचं मूळ कागदपत्र २०१२ मधलं आहे. दोन ठिकाणी सगळे ठेचकाळतात. एक, परतीचा पत्ता नोंदवलाय तसाच्या तसा लागतो, शेवटी एक तिरकी रेघ जास्त झाली तरी नकार. दोन, स्टेट नावाचं पॅरामीटर लोक गाळतात कारण त्याच्याशिवायही बऱ्याचदा चालतं. गाळू नकोस, परत आलेला माणूस तोच आहे ना जो आपल्याकडून गेला होता, हे तपासायला तेच असतं. नाहीतर एकाच्या खात्याला दुसऱ्याची कंपनी जोडली जायची.

प्रश्न: मॅडम, आमचं इंटिग्रेशन तीन-चार दिवस नीट चालतं आणि मग एकदम "इनव्हॅलिड ग्रँट" येतं. क्लायंटला परत कनेक्ट करायला सांगावं लागतं. आता ते वैतागलेत. टोकन रिफ्रेश करायचा कोड बरोबर आहे, दहा वेळा तपासलाय.

उत्तर: कोड बरोबर असेल हो, पण तो एकाच वेळी दोनदा चालतोय का ते बघा.

आधी पार्श्वभूमी. अ‍ॅक्सेस टोकन थोडाच वेळ टिकतं, हिशोबाच्या दोन प्रसिद्ध सॉफ्टवेअरपैकी झेरोमध्ये ३० मिनिटं, क्विकबुक्समध्ये एक तास. ते संपलं की रिफ्रेश टोकन देऊन नवीन घ्यायचं. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण बऱ्याच ठिकाणी रिफ्रेश केलं की नवीन अ‍ॅक्सेस टोकनबरोबर नवीन रिफ्रेश टोकनही येतं आणि जुनं बाद होतं. आता तुमच्याकडे काय होत असणार ते बघा. दहा वाजता टोकन संपलं. दहा वाजून एक सेकंदाने एका युजरने इनव्हॉइसची यादी उघडली आणि त्याच सेकंदाला तुमचा ठरल्या वेळी आपोआप चालणारा क्रॉन जॉब पेमेंट आणायला उठला. दोघांनी डेटाबेसमधून तेच जुनं रिफ्रेश टोकन उचललं. पहिल्याने ते वापरून नवीन आणलं, सेव्ह केलं. दुसऱ्याने तेच जुनं, आता बाद झालेलं, पुढे केलं आणि त्याला मिळालं इनव्हॅलिड ग्रँट. आता तुमच्या कोडमध्ये बहुतेक असं लिहिलं असणार की ही एरर आली की कनेक्शन तुटलं असं समजून टोकन पुसून टाका. म्हणजे पहिल्याने आणलेलं चांगलं टोकन दुसऱ्याने पुसलं! तीन-चार दिवस का लागतात? कारण हे दोघं नेमके एका सेकंदात भेटायला तेवढा वेळ जातो, युजर वाढले की रोज भेटतील.

उपाय असा की एका कंपनीचं टोकन एका वेळी एकानेच रिफ्रेश करायचं. नोडची एकच प्रोसेस असेल तर चालू असलेलं रिफ्रेशचं प्रॉमिस, म्हणजे मागाहून येणाऱ्या उत्तराचं टोकण, एका मॅपमध्ये ठेवा, दुसरा आला की त्याला तेच प्रॉमिस द्या, दोघं एकाच उत्तराची वाट बघतील. प्रोसेस अनेक असतील तर हे पुरणार नाही, डेटाबेसमध्ये ती ओळ लॉक करून मग रिफ्रेश करा, आणि लॉक मिळाल्यावर टोकन परत एकदा वाचा, कारण तुम्ही रांगेत असताना कुणीतरी नवीन आणून ठेवलेलं असू शकतं. हे "परत एकदा वाचा" लोक विसरतात आणि मग लॉक लावूनही रडगाणं तेच. शिवाय नवीन टोकन वापरण्याआधी सेव्ह करा, वापरल्यानंतर नाही, मध्येच सर्व्हर बसला तर हातात काही उरत नाही.

आणि एक, रिफ्रेश टोकनसुद्धा अमर नसतं. झेरोचं ६० दिवस न वापरता पडलं तर संपतं. मोसमी धंदा असेल, दोन-तीन महिने कुणी अ‍ॅप उघडतच नसेल, तर आठवड्यातून एकदा उगाच रिफ्रेश करणारा छोटा जॉब ठेवा.

प्रश्न: आमच्या अ‍ॅपमधून एकच इनव्हॉइस कधीकधी दोनदा जातं. सबमिटचं बटण एकदा दाबल्यावर डिसेबल करतो, तरी होतंच. काय करू?

उत्तर: बटणाचा दोष नाहीये. या प्रश्नावर माझा विशेष जीव आहे कारण हा घोळ मी स्वतः घातलाय.

महिन्याची बिलं पाठवणारी स्क्रिप्ट होती माझी, रात्री चालायची. एका रात्री मध्येच नेट गेलं, स्क्रिप्ट टाइमआउट म्हणून थांबली, मी डोळे चोळत उठले, लॉग बघितला, अर्ध्यावर अडकलीये असं दिसलं, परत चालवली आणि झोपले. सकाळी अकाउंटंट बाईंचा फोन, "अहो, या लोकांना दोन-दोन बिलं कशी गेली?" नुसती बनली नव्हती, ग्राहकांना ईमेलही गेले होते. पुढचे दोन दिवस मी आणि त्या बाई शेजारी बसून एकेक बिल रद्द करत होतो, आणि त्या काही बोलत नव्हत्या, तेच जास्त लागलं.

चूक कुठे होती, तर टाइमआउट म्हणजे "झालं नाही" असं मी धरून चालले. टाइमआउटचा अर्थ एवढाच की उत्तर आपल्यापर्यंत आलं नाही. इनव्हॉइस तिकडे बनलेलं असू शकतं, आणि पोचपावती वाटेत हरवलेली. साध्या डेटाबेसमध्ये एखादी ओळ जास्त झाली तर गुपचूप डिलीट मारता येते, हिशोबात तसं नसतं, तिथे झालेली नोंद ही झालेली नोंद, तिला उलटी नोंद करूनच निस्तरायचं.

म्हणून कॉल करायच्या आधी स्वतःच्या डेटाबेसमध्ये एक ओळ टाका, अमुक ऑर्डरचं इनव्हॉइस पाठवायचंय, स्थिती "बाकी", आणि त्याच ओळीत एक युनिक की बनवून ठेवा. ही की कॉलबरोबर पाठवायची. झेरोमध्ये त्यासाठी आयडेम्पोटन्सी-की नावाचा हेडर आहे, क्विकबुक्समध्ये रिक्वेस्ट-आयडी नावाचं पॅरामीटर. तीच की परत आली की समोरचा नवीन इनव्हॉइस न बनवता पहिल्याचंच उत्तर परत देतो. गंमत अशी की अनेकांच्या कोडमध्ये ही की असते पण ती बनते रिट्रायच्या लूपच्या आत, म्हणजे दर प्रयत्नाला नवीन. कुलूप लावायचं आणि किल्ली कडीलाच लटकवायची, तसं झालं ते. की लूपच्या बाहेर, त्याहून बरं म्हणजे डेटाबेसमध्ये, म्हणजे सर्व्हर रिस्टार्ट झाला तरी तीच राहील.

एपीआयला अशी सोय नसेल तर तुमचा ऑर्डर नंबर इनव्हॉइसच्या रेफरन्सच्या रकान्यात घाला आणि रिट्रायच्या आधी त्या रेफरन्सने शोधून बघा. हळू आहे, पण दोन दिवस बाईंच्या शेजारी बसण्यापेक्षा बरं. आणि उत्तर आल्यावर त्यांचा आयडी तुमच्या त्याच ओळीत लिहून ठेवा, पुढे सगळं त्या जोडीवर चालतं.

प्रश्न: आमच्या अ‍ॅपमधली बेरीज आणि अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधली बेरीज यात ०.०१ चा फरक येतो. प्रत्येक बिलात नाही, मधूनच. क्लायंटचा अकाउंटंट ऐकायला तयार नाही, म्हणतो मेळ बसलाच पाहिजे. एवढ्याशा फरकाने काय होतं?

उत्तर: अकाउंटंट बरोबर आहेत. नावे आणि जमा या दोन बाजू जुळल्याच पाहिजेत ही शिस्त लुका पॅचोली यांनी १४९४ मध्ये छापून ठेवली, तीही तेव्हा नवीन नव्हती, व्यापारी आधीपासून पाळतच होते. आणि आपली जावास्क्रिप्ट १९९५ ची, पहिली आवृत्ती दहा दिवसांत लिहिलेली. या भांडणात कुणी नमतं घ्यायचं ते उघड आहे.

फरक दोन ठिकाणांहून येतो. पहिलं म्हणजे जावास्क्रिप्टचा नंबर. ०.१ अधिक ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ येतं हा किस्सा सगळ्यांना पाठ असतो, पण त्याने प्रत्यक्षात कुणाचं वाकडं होत नाही. वाकडं होतं ते असं: १९.९९ गुणिले १०० केलं की उत्तर येतं १९९८.९९९९९९९९९९९९८, आणि पुढे कुणीतरी दशांश कापून टाकणारं पार्स-इंट लावलेलं असतं, झाले १९९८. एक गायब. किंवा १.००५ ला दोन दशांशांवर आणणारं टू-फिक्स्ड लावून बघा, १.०१ नाही, १.०० येतं, कारण मशीनमध्ये तो आकडा १.००५ च्या केसभर खालीच साठवलेला असतो.

दुसरं ठिकाण जास्त फसवं, ते म्हणजे राउंडिंग कधी करायचं. कागदावर करून बघा. बिलात तीन ओळी, प्रत्येकी ३.३५, कर १० टक्के. ओळीवार कर काढला तर प्रत्येक ओळीला ०.३३५, म्हणजे ०.३४, तीन ओळींचा १.०२. तेच आधी बेरीज केली, १०.०५, आणि मग कर काढला तर १.००५, म्हणजे १.०१. आणि निम्म्यावर आलेला आकडा सम अंकाकडे वळवायची पद्धत असेल तर १.००. एकाच बिलाची तीन उत्तरं, आणि यातलं एकही गणिताने चूक नाही! प्रश्न फक्त समोरच्या सॉफ्टवेअरने कुठली पद्धत धरलीये हा आहे.

माझा सल्ला सरळ आहे, कर तुम्ही काढूच नका. ओळी, दर, नग आणि कराचा कोड पाठवा, बेरीज त्यांना करू द्या, उत्तरात आलेला टोटल वाचा आणि तोच तुमच्या स्क्रीनवर, पीडीएफमध्ये, पेमेंटच्या लिंकमध्ये सगळीकडे वापरा. पाठवायच्या आधी आकडा दाखवायलाच लागतो असं असेल, उदाहरणार्थ ग्राहक आधी पैसे भरतो आणि बिल मागून बनतं, तर मात्र त्यांची पद्धत तंतोतंत उतरवावी लागेल, आणि तिथेही परत आलेला टोटल ताडून बघा, जुळला नाही तर ते बिल बाजूला काढा आणि माणसाला दाखवा, कोडमध्ये गुपचूप ०.०१ ची "अ‍ॅडजस्टमेंट" ओळ घुसडू नका, हात दाखवून अवलक्षण होईल.

तुमच्या बाजूला रकमा पूर्णांकात ठेवा, चलनाच्या सगळ्यात लहान भागात. पण आंधळेपणाने १०० ने गुणू नका, जपानी येनला दशांश नसतातच आणि कुवैती दिनारला तीन असतात.

प्रश्न: ३१ तारखेचं इनव्हॉइस ३० तारखेला पडतं. सर्व्हरवर बरोबर, माझ्या लॅपटॉपवर चूक. भूत आहे का?

उत्तर: भूत नाही, टाइमझोन आहे. तुम्ही तारीख निवडता, पिकर तुम्हाला तुमच्या घड्याळातल्या मध्यरात्रीचा डेट ऑब्जेक्ट देतो, त्याला तुम्ही टू-आयएसओ-स्ट्रिंग लावता, ते त्याला यूटीसीत, म्हणजे ग्रीनिचच्या प्रमाणवेळेत, नेतं, आणि तुम्ही ग्रीनिचच्या पूर्वेला असाल तर यूटीसीत अजून आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. पहिली दहा अक्षरं कापली की तारीख मागे. सर्व्हर यूटीसीवरच चालतो म्हणून तिथे सगळं सोवळं. वर आणखी एक मौज, नुसती वर्ष-महिना-दिवस अशी स्ट्रिंग न्यू डेटला दिली तर ती यूटीसी धरतो, आणि तिच्यापुढे वेळ जोडून दिली तर लोकल धरतो.

दुसऱ्या कुठल्या अ‍ॅपमध्ये एक दिवस मागेपुढे झाला तर चालून जातं, हिशोबात १ तारखेचं बिल आदल्या महिन्यात जातं, तो महिना अकाउंटंटने बंद केलेला असतो आणि एपीआय म्हणते या तारखेला नोंद करता येणार नाही. तुम्ही बसता एपीआयला शिव्या देत. इनव्हॉइसची तारीख म्हणजे क्षण नव्हे, कॅलेंडरवरचं घर. तिला स्ट्रिंग म्हणूनच जन्मापासून शेवटपर्यंत सांभाळा, डेट ऑब्जेक्टच्या वाटेला जाऊ नका. झेरोच्या जेसनमध्ये काही तारखा स्लॅश-डेट आणि कंसात मिलिसेकंद अशा जुन्या मायक्रोसॉफ्ट थाटात येतात, त्यांना वेगळं सोलावं लागतं, तिथेही यूटीसीचेच फंक्शन वापरा.

प्रश्न: चारशे ग्राहकांचा डेटा आणायचा होता, प्रॉमिस-ऑल लावून सगळे कॉल एकदम सोडले, ४२९ (म्हणजे कॉल फार झाले) आला.

उत्तर: येणारच! चारशे जण एकदम दारात. झेरोची आत्तापर्यंतची ओळखीची मर्यादा एका कंपनीमागे मिनिटाला ६० कॉल आणि एका वेळी पाच अशी आहे, हे आकडे प्लॅनप्रमाणे बदलतात त्यामुळे कोडमध्ये खिळा ठोकल्यासारखे लिहू नका. उत्तरातला रिट्राय-आफ्टर हेडर वाचा, तेवढे सेकंद थांबा, मग जा. एकेक ग्राहक आणण्यापेक्षा यादी पानापानाने आणा आणि पुढच्या वेळी फक्त "अमुक वेळेनंतर बदललेले" मागा. चारशे कॉलचे चार होतील.

प्रश्न: वेबहुक लावलाय, म्हणजे तिकडे काही बदललं की आमच्या सर्व्हरला निरोप येतो. त्या निरोपावरची सही जुळतच नाही. सीक्रेट बरोबर आहे, अल्गोरिदम बरोबर आहे, एचमॅक शा-२५६ आणि बेस-६४, डॉक्युमेंटेशनप्रमाणे सगळं केलंय. दोन दिवस गेले.

उत्तर: नोडचं एक्सप्रेस फ्रेमवर्क वापरताय ना? आणि वरती कुठेतरी एक्सप्रेस-जेसन लावलाय? मग सापडलं. सही काढलेली असते ती तारेवरून आलेल्या कच्च्या बाइट्सची. तुमच्या हातात येईपर्यंत मिडलवेअरने, म्हणजे त्याच मधल्या एक्सप्रेस-जेसनने, त्याचं ऑब्जेक्ट केलेलं असतं, तुम्ही त्याचं परत जेसन-स्ट्रिंगिफाय करून हॅश काढता, मधली एखादी स्पेस गेली, एस्केप केलेलं एखादं अक्षर सुटं झालं की हॅश पार वेगळा. दिसायला मजकूर तोच म्हणून दोन दिवस जातात. त्या एका रूटला एक्सप्रेस-रॉ लावा, तो जेसनवाल्याच्या आधी यायला हवा, आणि बफरवरच हॅश काढा. तुलना करताना तीन वेळा बरोबरचं चिन्ह न वापरता क्रिप्टोमधलं टायमिंग-सेफ-इक्वल वापरा, पण आधी दोन्हींची लांबी सारखी आहे का बघा, नाहीतर ते फंक्शनच एरर फेकतं.

झेरोमध्ये वेबहुक चालू करताना ते मुद्दाम चुकीच्या सहीचे निरोपही पाठवतात आणि त्यांना तुम्ही ४०१, म्हणजे नकार, द्यावा अशी अपेक्षा असते, सगळ्यांना २००, म्हणजे होकार, देणारा भाबडा कोड तिथे नापास होतो. उत्तरही पाच सेकंदांत लागतं, म्हणून सही तपासा, निरोप रांगेत टाका, २०० द्या, काम मागाहून. निरोपात पूर्ण इनव्हॉइस नसतंच बहुतेक वेळा, अमुक आयडीचं काहीतरी बदललं एवढंच असतं, पुढे तुम्हीच जाऊन ताजं आणायचं. निरोप दोनदा येतात, उलट्यासुलट्या क्रमाने येतात, कधी येतच नाहीत, त्यामुळे रात्री एकदा बदललेल्यांची यादी आणून ताडणारा जॉब हवाच.

प्रश्न: आमच्या अ‍ॅपमध्ये ऑर्डर डिलीट केली की इनव्हॉइसही डिलीट व्हावं असं क्लायंटला हवंय. पण एपीआय ऐकत नाही.

उत्तर: बरोबर करते. झेरोसारख्या ठिकाणी बिल ड्राफ्ट असेपर्यंत पुसता येतं, एकदा मंजूर झालं की पुसायचं नाही, व्हॉइड करायचं, म्हणजे नंबर राहतो, रक्कम शून्य होते. पैसे जमा झाले असतील तर व्हॉइडही होत नाही, आधी ते पेमेंट सोडवा, नाहीतर क्रेडिट नोट काढा. क्लायंटला "डिलीट" शब्दच दाखवू नका, बटणावर "रद्द करा" लिहा आणि आतमध्ये स्थिती बघून कोणता मार्ग घ्यायचा ते ठरवा. तो मार्गसुद्धा तुम्ही मनाने ठरवू नका, त्यांच्या अकाउंटंटला अर्धा तास बसवून विचारा, हा अर्धा तास फार कमी डेव्हलपर देतात.

बदल करताना क्विकबुक्सवाल्यांसाठी सांगते, तिथे सिंक-टोकन पाठवावं लागतं. तुम्ही वाचल्यानंतर कुणी ते बिल बदललं असेल तर तुमचं टोकन शिळं ठरतं आणि बदल नाकारला जातो. लोक मग काय करतात, ताजं टोकन आणतात आणि आपलाच जुना मजकूर परत दामटतात. अहो, मग त्या माणसाने हाताने केलेली दुरुस्ती गेली ना! ताजं बिल आणून, त्यावर तुमचा बदल लावून मग पाठवा. आणि पूर्ण अपडेटमध्ये जो रकाना तुम्ही पाठवत नाही तो रिकामा होतो, दोनच रकाने बदलायचे असतील तर स्पार्स अपडेट वापरा.

प्रश्न: दादा किंवा ताई जे कोणी असाल ते, तयार एसडीके (कंपनीने दिलेली लायब्ररी) वापरू की स्वतः फेचने कॉल लिहू? शिकतोय अजून.

उत्तर: ताई. शिकतोयस तर टोकन आणि एक इनव्हॉइस एवढं फेचने स्वतः लिही, मग एसडीके घे, म्हणजे आत काय चाललंय ते कळेल. फेच आता नोड १८ पासून आतच आहे. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेव. फेचला ४०० किंवा ५०० आला तरी तो कॅचमध्ये जात नाही, रिस्पॉन्सचं ओके तपासावं लागतं, नाहीतर नाकारलेलं बिल "गेलं" म्हणून नोंदवशील. आणि किती वेळ थांबायचं ते तूच सांग, अ‍ॅबॉर्ट-सिग्नलचं टाइमआउट लाव. टाइमआउट झाल्यावर काय करायचं नाही ते वरच्या तिसऱ्या उत्तरात आहे.

प्रश्न: क्लायंट टॅली वापरतात, ते कंप्युटरवर बसवलेलं. त्याला ओऑथ वगैरे कुठे सापडत नाहीये.

उत्तर: नसतंच, शोधू नका. टॅली स्वतःच छोटा सर्व्हर होऊन बसते, सहसा ९००० पोर्टवर, आणि एचटीटीपीने एक्सएमएल घेते. टॅली उघडी हवी आणि कंपनी लोड केलेली हवी. तुमचं अ‍ॅप नेटवर असेल तर ते पोर्ट कृपा करून इंटरनेटला उघडू नका, त्याच मशीनवर नोडचा छोटा एजंट बसवा, तो तुमच्या सर्व्हरकडून कामं मागून घेईल आणि टॅलीला देईल. व्हाउचर पाठवल्यावर एचटीटीपीचा २०० आला म्हणून खूश होऊ नका, आतल्या एक्सएमएलमध्ये किती बनले, किती बदलले आणि किती एरर हे आकडे असतात, ते वाचा. लेजरचं नाव एका अक्षराने चुकलं तरी व्हाउचर पडत नाही.

प्रश्न: टेस्टिंग कुठे करायचं? क्लायंट म्हणतोय आमच्याच खात्यात करा, नंतर पुसून टाका.

उत्तर: "नंतर पुसून टाका" हे कसं जमत नाही ते वर लिहिलंच आहे, क्लायंटला हा अंक दाखवा. क्विकबुक्समध्ये सरावाची सँडबॉक्स कंपनी मिळते, झेरोमध्ये डेमो कंपनी, दोन्ही फुकट. पण तिथली करांची नावं, खात्यांचे कोड, चलन हे क्लायंटच्या खात्यासारखे नसतात, त्यामुळे कोडमध्ये "विक्रीचं खातं २००" असं लिहून ठेवलं असेल तर डेमोत चालेल आणि खऱ्या ठिकाणी आपटेल. खात्यांची यादी एपीआयने आणा आणि क्लायंटला ड्रॉपडाउनमधून निवडू द्या. झेरोची डेमो कंपनी २८ दिवसांनी आपोआप पुसली जाते, त्या दिवशी तुमच्या टेबलातले सगळे इनव्हॉइस आयडी कुठेच सापडत नाहीत. पहिल्या वेळी मी तासभर टोकनवर संशय घेत बसले होते.